सोफ्याची उंची

मायनट, उत्तर डकोटा. बाहेर उणे सव्वीस.
बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये
आम्ही अकरा जण, पहिलीच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी, कमरेला पिस्तुलं.
वर्ना हाल्व्हर्सन आली ती एक सोफा ढकलत.
तपकिरी, एका हातावर कॉफीचा डाग.
"मोजा," म्हणाली.

आम्ही हसलो. मग मोजला.
जमिनीपासून बैठकीपर्यंत सतरा इंच.
"लिहा. घरोघरी हेच ऐकाल,
सोफ्यावरून पडला.
कधी कधी खरंच पडलेला असतो.
म्हणून मोजायचं."

भिंतीवर फोटो आले. चेहरे नव्हते,
नुसत्या नडग्या, कोपरं, एक पाठ, एक कान.
नडगीवरच्या डागांपाशी ती थोडी हसली:
हे चालायला शिकल्याचं प्रगतिपुस्तक.
पण जे मूल अजून कुशीवर वळत नाही
त्याच्या कानामागे निळं दिसलं
तर टेकू नका, कॉफी घेऊ नका.
डॉक्टरला फोन. त्याच मिनिटाला.

ब्रेकसने हात वर केला,
रंगावरून दिवस कळतात ना?
जांभळा कालचा, हिरवा परवाचा, पिवळा त्याच्या आधीचा?
"नाही कळत.
कळतात असं म्हणणारा घाईत असतो."
हातच्या कांकणाला इथे आरसा लागतो,
फूटपट्टी लागते,
आणि एक राखाडी कार्ड,
फोटोतल्या निळ्याने खोटं बोलू नये म्हणून.

जेवणानंतर ती आई झाली, मी पोलीस.
मांडीवर रबरी बाहुली, मान सैल.
मी विचारलं, "तुम्ही मारलंत का त्याला?"
वर्नाने बाहुली टेबलावर ठेवली.
"दार बंद झालं. तू बाहेर, मूल आत.
पुन्हा."

दुसऱ्यांदा म्हणाले, "सकाळपासून सांगा."
आणि ती सांगू लागली. दूध संपलं होतं.
शेजारीण आली नाही. हीटर खडखडत होता.
सव्वादहा. मग एकदम बारा.
मधले पावणेदोन तास
तिने माझ्यासमोर तसेच ठेवले, रिकाम्या ताटासारखे,
आणि मला पहिल्यांदाच कळलं
की गप्प बसायलाही शिकावं लागतं.

संध्याकाळकडे तिने एक जुनी वही काढली.
टर्टल माउंटनकडचं एक बाळ,
कमरेवर निळसर राखाडी डाग.
"मी उचललं त्याला. नऊ दिवस.
जन्मखूण होती.
आई पहिल्याच मिनिटाला म्हणाली होती,
माझ्या वहीत ते वाक्य नाही."
पुढचं पान उलटलं, वाचलं नाही.
"आणि इथे मी उचललं नाही."
वही मिटली.
घसा कुणीच खाकरला नाही.

मग आमच्यातला सगळ्यात धाकटा, टॉरव्हाल्ड,
सोफ्याकडे बघत पुटपुटला,
"हा... त्याच घरातला आहे?"
"जुन्या बाजारातला. चाळीस डॉलर.
पण दिवसभर तुम्ही अकराही जण
त्या डागाला वळसा घालून चालत होतात.
का, ते आज रात्री लिहा.
मला दाखवू नका."

घरी आले. सोरेन पायजम्यात, चार वर्षांचा,
दात घासताना शिंपडणारा.
लिहायला बसले नाही. त्याच्या नडग्या पाहिल्या.
एक डाग घसरगाडीचा. एक कुत्र्याने ओढलं तेव्हाचा.
तिसरा पलंगाच्या लोखंडाचा, मी तिथेच होते.
दंडाच्या आतल्या बाजूला चौथा,
द्राक्षाएवढा.
हा मला माहीत नव्हता.

सांभाळणारी मुलगी कोट चढवत होती,
गाडी गोठेल म्हणत होती.
मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्या गणवेशाकडे.
जीभ दातांमागे धरून ठेवली.
टबाच्या काठावर बसले,
तोही पंधरा इंच असेल, मोजायला हवा,
आणि त्याला म्हणाले,
सकाळपासून सांग.

"सकाळी," सोरेन म्हणाला,
"लापशी होती. मला नको होती."
नळ ठिबकत होता. मी थांबले.